निळ्या पट्ट्याच्या बाटल्या

गोटीसोड्याच्या धंद्यात सोडा विकला जातो, बाटली विकली जात नाही. गिऱ्हाईक अंगठ्याने गोटी दाबतं, सोडा पितं, मोठा ढेकर देतं आणि चालायला लागतं. बाटली मात्र आमची असते आणि ती फिरून आमच्याच हौदात यावी लागते. पाणी बोरचं, गॅस सिलिंडरमधला, मीठ आणि लिंबू बाजारातलं. आमची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू म्हणजे ती जाड काचेची, गळ्यात गोटी अडकलेली बाटली. तिच्या मानेला आम्ही निळ्या रंगाचा पट्टा मारायचो. बसस्टँडच्या पलीकडे सोड्याचा दुसरा कारखाना होता, त्यांचा पट्टा हिरवा.

कारखाना म्हटलं की माझ्या माहेरची, दुबलगुंडीची माणसं हसायची. पत्र्याच्या दोन खोल्या, एक हौद, गॅस भरताना बाटल्या फिरवायचा लोखंडी पिंजरा आणि दारात पाटी. पण पाटीवर कारखाना लिहिलं होतं, म्हणून मीही ठसक्यात कारखानाच म्हणायचे. लग्न होऊन आळंदला आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच मला हौदापाशी नेलं. ते तरुणपणी हैदराबादेत एका सोडावाल्याकडे बाटल्या धुवायला होते, तिथून हा उद्योग शिकून आले होते. निळा रंग त्यांनी का निवडला हे आमच्या वस्तीत कुणी विचारलं नसतं. ते मला म्हणाले, "पोरी, माझ्या बापाला या गावात वरून ओंजळीत पाणी वतायचे. आता समदं गाव आमच्या बाटलीला तोंड लावतंय. बाटली नीट घासायची. एक डाग दिसला तर माझी मान खाली जायील."

मी नीट घासली. सासरे गेले, नंतर नवराही गेला, आणि कारखाना माझ्या गळ्यात पडला. माणसं म्हणाली, बाईमाणसाचं काम नाही. मी म्हटलं, मग तुम्ही या पिंजरा फिरवायला. कुणी आलं नाही.

हिरव्या पट्ट्याचे मालक माझ्याहून बरेच मोठे. सगळं आळंद त्यांना अण्णा म्हणायचं, मीही म्हणायचे. घरी कन्नड, बाजारात मराठी, गॅसवाल्याशी उर्दू. बोलायला गोड, आणि धंद्यात असे पक्के की विचारू नका. मी जिऱ्याचा सोडा काढला की आठवड्यात त्यांचा जिऱ्याचा सोडा बाजारात. मी लग्नाच्या ऑर्डरीला बर्फ फुकट दिला, तर त्यांनी बर्फाबरोबर वाटायला माणूसही दिला. बसस्टँडमधल्या गाड्यावरून तर आमचं असं वाजलं की वर्षभर आम्ही एकमेकांकडे बघतही नव्हतो. समोरून ते आले की मी पदर सावरायच्या निमित्ताने तोंड फिरवायचे.

पण त्या वर्षीसुद्धा अमावस्येचा फेर चुकला नाही.

अमावस्येला आमच्याकडे यंत्र चालवत नाहीत. मशीन धुवायची, नारळ फोडायचा आणि बंद ठेवायची. तो रिकामा दिवस आम्ही बाटल्या बदलायला वापरायचो. दुकानदार काही पट्टा बघून बाटली परत करत नाही. त्याच्या पेटीत निळ्या, हिरव्या सगळ्या एकत्र पडलेल्या असतात, आणि ज्याची गाडी पुढे येईल त्याच्याकडे तो पेटी सरकवतो. त्यामुळे महिनाभरात माझ्या बाटल्या अण्णांकडे आणि त्यांच्या माझ्याकडे जमायच्या. अमावस्येला अण्णांची हातगाडी निळ्या बाटल्या घेऊन यायची आणि हिरव्या घेऊन जायची. बाटल्या मोजायच्या नाहीत, हा नियम दोघांच्या वडीलधाऱ्यांनी घालून दिला होता. मोजलं की भांडण आलं. ज्याच्याकडे जे असेल ते सगळं द्यायचं, घरात एकही ठेवायची नाही. भांडणाच्या वर्षी अण्णा हातगाडीबरोबर स्वतः यायचे, दाराबाहेर पाठ करून उभे राहायचे आणि गाडी भरली की निघून जायचे.

लग्नसराईत मात्र फेर बंद. दोन्हीकडे घाईगर्दी असायची, हौदाला उसंत नसायची. त्या महिन्यांत हातात येईल ती बाटली भरायची, पट्टा निळा असो की हिरवा. माझ्या बाटलीत त्यांचा सोडा, त्यांच्या बाटलीत माझा. सराई संपून पाऊस तोंडावर आला की पहिल्या अमावस्येला मोठा फेर व्हायचा आणि ज्याचं त्याला मिळायचं.

यातून एक गोष्ट अशी झाली की जी कुणी ठरवून केली नसती. सासऱ्यांच्या काळात खेड्यांतले काही दुकानदार म्हणायचे, आम्हाला हिरव्याच द्या. का ते सांगायचे नाहीत, सांगायची गरजही नव्हती. अण्णा तेव्हा नुकतेच धंद्यात आलेले. त्यांनी एका दुकानदाराला सुनावलं, "ऐन सराईत येगळ्या करत बसाय मला येळ न्हाई. घ्यायच्या तर घ्या, न्हाई तर तहानलेले ऱ्हावा." हे सासऱ्यांना त्या दुकानदारानेच तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं. अण्णा काही सुधारक वगैरे नव्हते. आमच्या वस्तीत लग्नाला यायचे, आहेर द्यायचे आणि न जेवता परत जायचे. पण त्यांनी बाटल्या वेगळ्या केल्या नाहीत, आणि हळूहळू लोकांनी पट्टा बघायचं सोडून दिलं. मला त्यांचा राग यायचा तेव्हाही हे मी विसरत नव्हते.

मग काचेच्या दाराचे फ्रीज आले. एका मोठ्या कंपनीची गाडी गुलबर्ग्याहून यायची आणि दुकानात फ्रीज ठेवून जायची. निंबर्ग्याच्या दुकानदाराने मला सगळ्यात आधी सांगितलं. "फ्रीज फुकट हाय अक्का. पण आत दुसऱ्याची बाटली दिसली तर उचलून नेतेत." मी म्हटलं, "मग आमची कुठं ठेवणार?" त्याने दाराबाहेरच्या उन्हाकडे बोट दाखवलं. ऊन लागलेला सोडा कोण पिणार? मी त्याला चार गोष्टी सुनावल्या. तो बिचारा हसत ऐकत राहिला, आणि फ्रीजमधली प्लास्टिकची बाटली काढून मलाच द्यायला लागला.

त्याच उन्हाळ्यात अण्णा पहिल्यांदा माझ्या कारखान्यात आत येऊन बसले. म्हणाले, "अक्का, आपण भांडायलाव कुनाशी? तुमी माझ्याशी, मी तुमच्याशी, आणि गिऱ्हाईक त्यो तिसराच घेऊन जायलाय."

मग आम्ही एक केलं. निंबर्ग्याच्या बाजूला त्यांची गाडी जाईल आणि दोघांचा माल नेईल, उमरग्याच्या रस्त्याला माझी गाडी जाईल आणि तीही दोघांचा नेईल. दुकानाबाहेर ठेवायला बर्फाच्या पेट्या दोघांनी मिळून घेतल्या. अर्धी पेटी निळी, अर्धी हिरवी. जिऱ्याचा सोडा त्यांनी करायचा, लिंबाचा मी. खरं सांगते, ते दोन उन्हाळे मला धंद्यातले सगळ्यात चांगले वाटतात. अण्णांच्या गाडीवाल्याला मी चहा देत होते आणि माझा माल त्यांच्या गाडीत बघताना मला हसू येत होतं. इतकी वर्षं आम्ही कशापायी भांडलो, असंही वाटायचं. भांडणाची मजाही कमी झाली होती, ते निराळं.

पण बर्फाची पेटी दुपारपर्यंत पाणी होते आणि फ्रीज रात्रीसुद्धा गार असतो. शिवाय बसमध्ये काचेची बाटली नेता येत नाही, प्लास्टिकची नेता येते. कुणी मुद्दाम आमच्या वाईटावर नव्हतं. आणि आम्हाला बाटल्या पुरवणाऱ्या उत्तरेकडच्या कारखान्याने सांगितलं की आता हा साचा चालवत नाही. म्हणजे आळंदच्या परिसरात फिरत होत्या तेवढ्याच बाटल्या, फुटली की कमी झाली. मी हौदावर काम करणाऱ्या दोघींना सांगितलं, आता बाटली म्हणजे घरातलं सोनं समजा.

अण्णांचा मुलगा पुण्यात नोकरीला होता. तिथलं काम सुटलं आणि तो बायकोमुलांसह परत आला. चांगला मुलगा, मला काकू म्हणतो, पाया पडतो. त्याने प्लास्टिकच्या बाटल्या भरायची मशीन घ्यायची ठरवली. अण्णाच मला सांगायला आले, आणि सांगताना कायम जमिनीकडे बघत होते. मी विचारलं, "आणि आपलं काय, अण्णा?"

"तुमी बी या त्याच्यात. त्येला मी बोललोय."

मी गेले. अशी मशीन त्याने आधी एका ठिकाणी चालू असताना दाखवली. एका टोकाला रिकामी बाटली, दुसऱ्या टोकाला भरलेली, बूच लावलेली, कागद चिकटवलेली. किती सुरेख चालत होती! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मुलगा कौतुकाने म्हणाला, "काकू, कुठंच मानसाचा हात लागत न्हाई. तसंच छापणार हाय आपण बाटलीवर." तो स्वच्छतेबद्दल बोलत होता, मला ते समजत होतं. पण सासऱ्यांनी सगळा जन्म ज्यासाठी घातला ते एवढंच होतं, की लोकांनी आमच्या हातचं प्यावं आणि आमच्या हातचं आहे हे माहीत असून प्यावं. हे त्या मुलाला कसं सांगणार? त्याने काही चूक केलीच नव्हती.

भागीदारीचंही तो मोकळेपणाने बोलला. मशीन दिवसभर चालली तरच परवडते, सगळा तालुका एका नावाने धरला तरच भागतं. दोन नावं, दोन रंग ठेवले तर दोघंही बुडणार. त्याचं गणित बरोबर होतं. मी म्हटलं, मग तुमचं नाव तुम्हाला लखलाभ. मी माझ्या बाटल्यांवर जगेन. अण्णांना सांगितलं, "तुमाला आता काच लागणार न्हाई. सराई झाली की मोठ्या फेराला माझ्या सगळ्या द्या, आणि तुमच्या बी मलाच द्या." अण्णांना केवढा हलकेपणा वाटला ते त्यांच्या तोंडावर दिसलं. "दिल्या," ते म्हणाले. "हिरव्याला निळा रंग मारून टाका."

ती सराई दणक्यात झाली. मी मनात आखत होते, दोघांच्या बाटल्या मिळून माझं पुढची कैक वर्षं निघेल. गोटीसोडा पाहिजे म्हणणारी माणसं अजून होती, उरसात, जत्रेत, बाजाराच्या दिवशी. थोडी होती, पण एका कारखान्याला पुरली असती. सराईच्या रिवाजाप्रमाणे माझ्या बहुतेक बाटल्या तेव्हा अण्णांच्या गोदामात पडलेल्या होत्या, कारण मोठ्या ऑर्डरी त्यांच्याकडे आणि त्यांची गाडी मोठी.

सराई संपत आली तेव्हा अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोलापूरला गेले. तेवढ्यात मशीन ठरल्यापेक्षा आधी आली. मुलाला जागा पाहिजे होती. हैदराबादचा एक माणूस जुनी काच घेत फिरत होता. शहरातल्या हॉटेलांना म्हणे अशा बाटल्या शोभेला लागतात. त्याने ट्रक लावला आणि मुलाने गोदाम रिकामं केलं. हिरव्या, निळ्या, सगळ्या. तो कधी अमावस्येच्या फेराला उभाच राहिला नव्हता. बापाच्या गोदामात आहे तो बापाचा माल, एवढंच त्याला माहीत. दुसऱ्याच्या वस्तू आपण आपल्या घरात कुलूप लावून वर्षानुवर्षं सांभाळतो, असा काही धंदा असतो हे पुण्यात त्याला कोण शिकवणार?

मला हौदावरच्या बाईने सांगितलं, ट्रक जाताना तिने बघितला होता. मी तशीच ओल्या हातांनी बसस्टँड ओलांडून गेले आणि रस्त्यावर उभी राहून त्या मुलाला वाटेल ते बोलले. माणसं जमली. तो गयावया करत म्हणाला, "काकू, मला खरंच ठाऊक न्हवतं. काय किंमत हुईल ती सांगा, मी आत्ता देतो." किंमत! मी म्हटलं, "किंमत घिऊन मी त्यात सोडा भरू व्हय?" त्याने माझ्यासमोर त्या माणसाला फोन लावला. बाटल्या पुढे गेल्या होत्या, कुठे कुठे वाटल्या गेल्या होत्या. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझी शिव्या द्यायची ताकद संपली. मला तेव्हा कुणीतरी वाईट माणूस पाहिजे होता, आणि समोर तर हा उभा होता.

अण्णा परत आले ते डोळ्याला हिरवी पट्टी बांधून, नातवाचा हात धरून माझ्या दारात. उंबऱ्यावरच बसले. मग म्हणाले, "माझ्या बापानं मला हातगाडीमागं चालवत आनलं हुतं. मी माझ्या पोराला न्हाई आनलं. शिकू दे म्हनलं." मी पाणी दिलं. ते प्यायले. मी रडले तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं, पण ऐकू येत असणार.

मी हात बांधून बसले नाही. उदगीर, बसवकल्याण, सोलापूर, जिथे जिथे गोटीसोड्याचा कारखाना होता म्हणून ऐकलं होतं तिथे फिरले. सगळीकडे तो हैदराबादचा काच घेणारा किंवा त्याच्यासारखाच माणूस माझ्याआधी येऊन गेला होता. माझ्याकडे राहिलेल्या आणि खेड्यांतून गोळा केलेल्या बाटल्यांवर पावसाळा, हिवाळा काढला. तेव्हा मला दुसरंच कळलं. गोटीखालचं रबर देणारा म्हणाला, "अक्का, दोन कारखाने हुते म्हनून मी आळंदला येत हुतो. एकट्यासाठी गाडीखर्च बी निघत न्हाई." गॅसवाला लहान सिलिंडर आणायचा तो आमच्या दोघांमुळे. अण्णांना आता मोठे लागत होते. ज्यांच्या नावाने मी इतकी वर्षं बोटं मोडली त्यांच्यामुळेच माझी रबरं येत होती, गॅस येत होता, बाटल्या परत येत होत्या. त्यांनी वाट बदलली आणि माझ्या पायाखालचा रस्ताच गेला. अण्णा मला बुडवायला निघाले असते तर मी त्यांच्याशी लढले असते. ते तर मला वाचवायला बघत होते. मग मी कुणाशी लढू?

उन्हाळा लागायच्या आत मी पिंजरा थांबवला. हौदावरच्या दोघींपैकी एक अण्णांच्या मशीनवर कामाला लागली, दुसरी घरी बसली.

एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक निघाली. आमच्या वस्तीची पोरं निळे फेटे बांधून, ढोल-ताशा, दुपारचं ऊन. मी पांढरी साडी नेसून बायकांमध्ये चालत होते. बसस्टँडच्या वळणावर एक टेम्पो उभा होता आणि सगळ्यांना गार सोड्याच्या बाटल्या वाटत होते. टेम्पो अण्णांचा. पोरांनीच जाऊन सांगितलं होतं आणि त्यांच्या मुलाने आनंदाने कबूल केलं होतं. आमचीच माणसं, आमचीच मिरवणूक, आणि उन्हाने सगळ्यांचे घसे सुकलेले. धक्काबुक्की चालली होती. एका पोराने मला पुढे ढकललं. "काकू, घ्या की, गार हाय."

टेम्पोच्या मागच्या फळीशी अण्णा स्वतः उभे होते, काळा चष्मा लावून. त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा हात थांबला. मग त्यांनी बर्फातली एक बाटली काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, बूच फिरवून उघडलं आणि माझ्या हातात दिली. मी तिथेच उभी राहून प्यायले. गॅस भरपूर होता. लिंबू बरोबर, मीठ बरोबर. मी मनापासून खोट शोधली.

"कसा हाय अक्का?" अण्णांनी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. "तुमच्यासारखा न्हाई जमला न्हवं?"

त्यांना काय ऐकायचं आहे ते मला कळत होतं, आणि दुसऱ्या कशावरून मी खोटं बोललेही असते. सोड्याच्या बाबतीत मला ते जमेना.

"चांगला झालाय अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मागची माणसं ढकलत होती, म्हणून मी बाजूला झाले आणि ते पुढच्या माणसासाठी बर्फात हात घालून बाटली शोधू लागले.